न्यू जर्सी पब्लिक क्वेश्चन २: मंडळाची रॅफल, उरलेले पैसे आणि आपलं मत

रारिटनकाठचा | १२ ऑक्टोबर २०२१, रात्री ९:४०

मंडळी, पोस्टाने बॅलट आलं का? आमच्याकडे कालच आलं. बायको म्हणाली गव्हर्नरसाठी मर्फी की चॅटरेली ते एकदाचं ठरव आणि पाकीट बंद कर, पण मी सवयीने कागद उलटून पाहिला तर दोन प्रश्न छापलेत. पहिला कॉलेजच्या मॅचवर बेटिंगचा, तो सोडा. दुसरा वाचला आणि झोप उडाली.

तर प्रश्न असा आहे, की ज्या संस्थांना बिंगो (आपला हाउजी) आणि रॅफल (तिकिटं विकून बक्षिसाची सोडत) करायला परवानगी आहे त्या सगळ्यांना त्यातून उरलेला पैसा स्वतःच्या संस्थेसाठी वापरू द्यायचा का. आत्ता ही मुभा फक्त माजी सैनिकांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या संस्थांना आहे. बाकीच्यांनी, म्हणजे व्हॉलंटियर फायर कंपनी (गावचं स्वयंसेवकांचं अग्निशामक दल), फर्स्ट एड स्क्वॉड, चर्च, देऊळ, शाळेची पालक संघटना आणि आपल्यासारखी मंडळं, यांनी उरलेला पैसा शैक्षणिक, धर्मादाय, धार्मिक, देशभक्तीच्या किंवा लोकहिताच्या कामालाच लावायचा.

आता गंमत बघा. मी आमच्या मंडळाचा (नाव नाही लिहीत, ओळखणारे ओळखतील) गेली दोन वर्षं खजिनदार. दर दिवाळीला पैठणी आणि सोन्याच्या नाण्याची रॅफल असते आणि ते पैसे जातात हायस्कूलच्या ऑडिटोरियमच्या भाड्यात, साउंडवाल्याला आणि इन्शुरन्सला. म्हणजे आम्ही इतकी वर्षं काय करत होतो? २०१९ चं रजिस्टर उघडून बसलोय. तुम्ही काय मत देणार आणि का, ते सांगा.

सातारी_तर्री | १२ ऑक्टोबर, रात्री ९:५२

म्हणजे खजिनदारसाहेब जुगाराचा अड्डा चालवत होते म्हणा की हाहाहा

पार्सिपनीची_पाटलीण | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

आधी हे सांगा लायसन्स काढत होतात का? कारण रॅफलला लायसन्स लागतं हेच अर्ध्या मंडळांना माहीत नसतं. मी मुलीच्या शाळेच्या पालक संघटनेत तीन वर्षं हे काम केलंय म्हणून सांगते. आधी राज्याच्या लीगलाइज्ड गेम्स ऑफ चान्स कंट्रोल कमिशनकडे संस्थेची नोंदणी करायची, त्यांचा नंबर मिळतो, मग तो नंबर घेऊन गावच्या म्युनिसिपल क्लर्ककडे प्रत्येक रॅफलचा अर्ज. तिकिटावर संस्थेचं नाव, नोंदणी नंबर, लायसन्स नंबर, सोडत कुठे किती वाजता, बक्षीस काय आणि त्याची किंमत किती, सगळं छापलेलं पाहिजे. आणि झाल्यावर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हिशोब पाठवायचा.

आणि हो, १८ वर्षांखालच्यांना त्यात घ्यायचं नाही. आपल्याकडे चिठ्ठी काढायला मुद्दाम सगळ्यात लहान पोराला स्टेजवर बोलावतात ना, तेच नेमकं नको. पहिल्या वर्षी मी क्लर्कबाईंना उत्साहाने सांगितलं की आमच्याकडे लहान मूल चिठ्ठी काढतं म्हणजे पक्षपात होत नाही, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

रारिटनकाठचा | १२ ऑक्टोबर, रात्री १०:३१

पाटलीणबाई, खरं सांगू का, २०१८ पर्यंत कोणीच काढलं नव्हतं. पावतीपुस्तकाच्या दुकानातून डबल रोलची लाल तिकिटं आणायची, अर्धं फाडून द्यायचं, अर्धं टाकायचं कोणाच्या तरी आठ लिटरच्या कुकरमध्ये. झाकण लावून हलवायचं. आणि चिठ्ठी काढायला पोरगं, हो. २०१९ ला नव्या सेक्रेटरीने सगळं रीतसर केलं तेव्हा कमिटीतले जुने लोक म्हणाले हा फार अमेरिकन झालाय.

पण माझा प्रश्न लायसन्सचा नाहीये, लायसन्स काढूनही उरलेले पैसे गेले हॉलच्या भाड्यातच. अर्जात लिहिलं होतं "सांस्कृतिक व शैक्षणिक कार्य".

एक_उसळ_दोन_पाव | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४४

मग बरोबरच आहे की, सांस्कृतिक कार्य हॉलमध्येच होतं, पार्किंग लॉटमध्ये थोडंच होतं

जुनाजर्सीकर | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

मी १९७९ पासून इथे आहे त्यामुळे थोडं पाल्हाळ लावतो, ज्यांना घाई आहे त्यांनी खाली स्क्रोल करावं.

या राज्यात जुगाराचा प्रत्येक प्रकार लोकांना विचारूनच सुरू करावा लागतो कारण राज्यघटनेतच तसं लिहिलंय. कुठल्या प्रकारचा जुगार, त्यावर बंधनं काय, हे लोकांपुढे ठेवून बहुमत घेतल्याशिवाय विधिमंडळाला तो सुरू करता येत नाही. १८९७ मध्ये घटनेत सगळाच जुगार बंद केला होता. मग एकेक खिडकी उघडत गेली. १९३९ ला घोड्यांच्या शर्यती. १९५३ ला बिंगो आणि रॅफल, म्हणजे आपला आजचा विषय. १९६९ ला राज्याची लॉटरी. १९७६ ला अटलांटिक सिटीतले कॅसिनो. २०११ ला स्पोर्ट्स बेटिंग, ते पुढे सुप्रीम कोर्टात जाऊन २०१८ मध्ये खरं सुरू झालं.

१९५३ ची गंमत अशी की तेव्हा बिंगो सगळीकडे चालूच होता, चर्चच्या तळघरात, फायर हाउसमध्ये, फक्त बेकायदा. कुठे पोलीस डोळेझाक करायचे, कुठे एकदम धाड घालायचे. रॉबर्ट मायनर गव्हर्नर म्हणून निवडून आले त्याच नोव्हेंबरात लोकांनी हो म्हटलं, पण बेतानं हो म्हटलं. एक, खेळ फक्त चर्च, फायर कंपनी अशा संस्थांनी घ्यायचा. दोन, प्रत्येक गावानं वेगळं मतदान करून आपल्या हद्दीत तो चालेल की नाही ते ठरवायचं. आणि तीन, उरलेला पैसा सगळाच्या सगळा चांगल्या कामाला. या तिसऱ्या अटीवरच अडलंय सगळं. २०१३ मध्ये माजी सैनिकांच्या संस्थांसाठी ती सैल केली, तोही असाच बॅलटवरचा प्रश्न होता आणि पास झाला. आता बाकीच्यांची पाळी.

म्हणजे खजिनदारसाहेब, जुगार कायदेशीर करायचा का हा प्रश्न १९५३ लाच मिटलाय. आताचा प्रश्न इतकाच की ताटातलं थोडं वाढणाऱ्यानं खावं का.

ओटवणेकर_इन_एडिसन | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

जुनाजर्सीकर काका, शेवटची ओळ कडक.

मी हो म्हणणार. कारण सरळ आहे, २०२० मध्ये एकही प्रत्यक्ष कार्यक्रम नाही, गणपती झूमवर, मेंबरशिप निम्मी, आणि स्टोरेज युनिटचं भाडं मात्र दर महिन्याला चालू, त्यात मखर आणि ढोल ठेवलेत. त्या ढोलांना काय धर्मादाय म्हणू की देशभक्तीपर? फर्स्ट एड स्क्वॉडवाल्यांचं तर आणखी वाईट, ते फुकट अँब्युलन्स चालवतात आणि लोकांनी देणगी मागायला दरवाजावर येणाऱ्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं बंद केलंय.

उलटी_बाजू | १३ ऑक्टोबर, दुपारी १:१२

मी नाही म्हणणार आहे, आणि मी कोणी सोवळी नाही, दिवाळी पाडव्याला आमच्याकडे रमी होते आणि मी जिंकते.

माझं म्हणणं असं की ती तिसरी अट आहे म्हणूनच रॅफलला आपण जुगार म्हणत नाही. मी पाच डॉलरचं तिकीट घेते तेव्हा मनात असतं की नाही लागली पैठणी तरी पैसा कुठल्यातरी शाळेला, फूड बँकेला जाईल. विकणाराही तेच सांगतो. आता समजा तो पैसा मंडळाच्याच खात्यात राहणार आहे. मग विकणाऱ्याचा सूर बदलतो हो. मग कमिटीत चर्चा होते की यंदा दोन रॅफल करू, मग गणपतीत एक, कोजागिरीला एक, मग बक्षीस मोठं करू म्हणजे तिकिटं जास्त जातील, आणि तीन वर्षांत मंडळाचं बजेटच रॅफलवर उभं राहतं. एकदा का हॉलचं भाडं कुकरमधून यायला लागलं की वर्गणी मागायचं कोण लक्षात ठेवणार?

आणि "चांगल्या कामासाठी" हा शब्द या राज्यात आधीही ऐकलाय. राज्यात कॅसिनो आणायचा प्रश्न १९७४ मध्ये लोकांनी पाडला. दोन वर्षांनी तोच प्रश्न नुसता अटलांटिक सिटीपुरता करून आणला आणि सांगितलं की कॅसिनोचा कर ज्येष्ठ नागरिक आणि अपंगांसाठी वेगळ्या फंडात जाईल. झाला पास. फंड आहे, पैसा जातो, खोटं नाही. पण शहराचं काय झालं ते समुद्रकाठच्या बोर्डवॉकवरून दोन रस्ते आत जाऊन बघा. २०१४ या एका वर्षात चार कॅसिनो बंद पडले आणि त्यातलाच ट्रम्प प्लाझा याच फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला.

सातारी_तर्री | १३ ऑक्टोबर, दुपारी १:३०

पैठणी आणि ट्रम्प प्लाझा एका वाक्यात, हा धागा आता कुठेही जाऊ शकतो

जुनाजर्सीकर | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४८

उलटीबाजूताई, तुमचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. ८० आणि ९० च्या दशकात इथे भारतातून आईवडील आले की दुपारी त्यांना करायला काही नसायचं, मग कॅसिनोची बस असायची, जाताना तिकीट काढायचं आणि तिथे पोचलं की खेळायला क्वार्टरचे (पंचवीस सेंटच्या नाण्यांचे) रोल हातात ठेवायचे, म्हणजे जवळजवळ फुकट सहल आणि वर समुद्र. आमचे सासरे, आयुष्यभर संध्याकाळी स्तोत्र म्हणणारा माणूस, आठवड्यातून दोनदा जायचे. दुसऱ्या ट्रिपपर्यंत ते रोल परत आणायचे खिशात, अख्खे. तिसऱ्या ट्रिपपासून नाही आणले. फार काही हरले नाहीत, पण मला विचारायला लागले की बस मंगळवारीही असते का.

पण रॅफल ही ती गोष्ट नव्हे असं मला वाटतं. वर्षातून एकदा, माणसं ओळखीची, बक्षीस स्टेजवर मांडलेलं, आणि ज्याला लागतं तो पुढच्या रांगेतला नेहमीचा नशीबवान माणूस ज्याला मागच्या वर्षी पण लागलं होतं आणि सगळे त्याला शिव्या देतात. त्यात मशीन नाही, रात्र नाही, एकटेपणा नाही.

परळचा_पत्ता | १४ ऑक्टोबर, पहाटे ४:१०

मुंबईहून वाचतोय, इथे दुपार आहे. तुमचं बॅलट वाचून हेवा वाटला. आमच्याकडे राज्य लॉटरी १९६९ ला आली, नंतर दुकानादुकानात ऑनलाइन लॉटरीचे पडदे लागले, शेजारी गोव्यात मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत, कशावरही कोणी आमचं मत विचारलं नाही. जुगाराचा कायदा मूळ १८८७ चा. आणि मटका कायदेशीर कधीच नव्हता तरी गिरणगावात ओपन आणि क्लोजचे आकडे पानवाल्याकडे बातम्यांच्या आधी कळायचे. आमच्या चाळीत एक काका पगाराच्या दिवशी घरी उशिरा आले की काकू काही विचारायची नाही, नुसती ताट वाढायची. एवढं आठवतं.

गणपतीत मात्र त्याच चाळीत लकी ड्रॉ असायचा, पहिलं बक्षीस मिक्सर, त्याला कोणी जुगार म्हटलं नाही. काकू पण कूपन घ्यायची. हा फरक नक्की कुठे आहे ते मला पन्नाशीतही नीट सांगता येत नाही पण आहे.

उलटी_बाजू | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:३३

परळ, हे वाचून थांबले जरा.

एच_फोर_वाली | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:००

आम्ही एच-फोर व्हिसावाले, नुसते वाचक. बारा वर्षं टॅक्स भरतोय, नागरिक नाही म्हणून मत नाही. मंडळात मात्र दोन वर्षं रॅफलची तिकिटं मीच विकली, सगळ्यात जास्त, तिथे कोणी पासपोर्ट विचारत नाही. माझा अनुभव सांगू? वीस डॉलर देणगी मागितली तर माणसं फोन काढून बघायला लागतात, तोच माणूस पाचची चार तिकिटं हसत घेतो आणि वर विचारतो शुभ आकडा आहे का तुमच्याकडे. पैसे तेवढेच. फरक एवढाच की देणगी देताना तो देणारा असतो आणि मी मागणारी, तिकीट घेताना दोघं खेळणारे असतो. माझं काम सोपं होतं बाबा.

हिशोबी_माणूस | १४ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

सीपीए (इथला सीए) आहे म्हणून थोडं कोरडं लिहितो.

१) रॅफलचं तिकीट म्हणजे देणगी नव्हे. मंडळ ५०१ सी ३ (करमुक्त धर्मादाय संस्था) असलं तरी तिकिटाचे पैसे टॅक्समधून वजा करता येत नाहीत कारण तुम्हाला बदल्यात जिंकायची संधी मिळाली. दर मार्चमध्ये मला कोणीतरी लाल तिकिटांचा गठ्ठा आणून देतं.

२) बक्षीस हे उत्पन्न आहे, वस्तू असली तरी. २०२१ च्या नियमाप्रमाणे मंडळाने डब्ल्यू-टू-जी फॉर्म (जिंकलेलं बक्षीस टॅक्स खात्याला कळवायचा कागद) द्यायचा तो बक्षीस ६०० डॉलर किंवा जास्त असेल आणि शिवाय तिकिटाच्या ३०० पट असेल तर. समजा भारताचं १२०० चं विमान तिकीट ठेवलंत. रॅफलचं तिकीट ५ डॉलरचं असेल तर २४० पट, फॉर्म नाही. २ डॉलरचं ठेवलंत तर ६०० पट, फॉर्म द्यावा लागेल. फॉर्म नाही म्हणून टॅक्स नाही असं मात्र नाही. आणि ५००० च्या वर गेलात तर २४ टक्के कापून भरायची जबाबदारी मंडळाची, वस्तू असली तर तेवढी रोख विजेत्याकडून आधी घ्यायची. म्हणून कार ठेवू नका हो कोणी, विजेता रडतो.

३) सगळं काम स्वयंसेवकांनी केलं तर त्या उत्पन्नावर मंडळाला वेगळा व्यवसाय म्हणून फेडरल टॅक्स लागत नाही. पैसे देऊन माणसं लावलीत की प्रश्न सुरू.

यातलं काहीही क्वेश्चन २ ने बदलत नाही. तो फक्त उरलेल्या पैशाचा प्रश्न आहे. माझं मत हो, कारण आज लोक ते पैसे स्वतःसाठी वापरतातच आणि अर्जात "शैक्षणिक" लिहितात. खोटं लिहायला लावणारा नियम मला आवडत नाही.

रारिटनकाठचा | १४ ऑक्टोबर, दुपारी १:०२

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून लिहिलंय असं वाटलं. बरोबर आहे.

ग्रीनव्हिलचा_गडी | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:२५

दसऱ्याच्या शुभेच्छा सगळ्यांना! साउथ कॅरोलायनाहून. तुमच्याकडे १९५३ ला जे झालं ते आमच्याकडे २०१४ ला झालं हो. त्याच्या आधी घटनेत लॉटरी बंद, अपवाद फक्त राज्याची लॉटरी आणि बिंगो. म्हणजे चर्चने केकसाठी रॅफल केली तरी कागदावर ती बेकायदा. सगळे करत होते, सगळ्यांना माहीत होतं. नोव्हेंबर २०१४ ला घटनादुरुस्तीवर मत घेतलं, पास झाली. त्याच दिवशी कॅन्ससमध्येही धर्मादाय रॅफलचा प्रश्न होता आणि टेनेसीत माजी सैनिकांच्या संस्थांसाठी, तिन्ही पास. आर्कान्सॉने बिंगो आणि रॅफल २००६ मध्येच घेतलं होतं. आणि माझा भाऊ युटात आहे, तिथे लॉटरी नाही, बिंगो नाही, रॅफल नाही, काहीच नाही, तो लॉटरीचं तिकीट काढायला सीमा ओलांडून आयडाहोत जातो.

देवाधर्माचे लोक जिथे जास्त तिथे हा प्रश्न जास्त अवघड होतो असं वाटलं होतं, पण आमच्याकडे चर्चमध्येच दोन तट होते. एक म्हणे जुगार तो जुगार, दुसरा म्हणे मग आपण इतकी वर्षं काय करतोय.

एक_उसळ_दोन_पाव | १५ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

लॉटरीसाठी दुसऱ्या राज्यात म्हणजे आपल्याकडे दमणला जातात तसं, फक्त कारण वेगळं

पार्सिपनीची_पाटलीण | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:१८

माझी आई सध्या इकडे आलीय, ७६ वर्षांची, तिला हा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं जसंच्या तसं टाइप करतेय:

"आमच्या गावात देवळाचं छप्पर बांधायला घरोघर फिरलो होतो. कोणी दिले, कोणी नाही दिले, एकाने तर दारातून हाकललं. पण छप्पर झालं तेव्हा ज्यांनी दिले त्यांना माहीत होतं की हे आपलं आहे, आणि ज्यांनी नाही दिले त्यांना पण माहीत होतं. तुमच्या या सोडतीत पैसे येतात पण कोणाचे ते कळत नाही. ज्याला पैठणी लागली तो खूष, बाकीचे विसरले. हात पसरायची लाज वाटते म्हणून चिठ्ठ्या काढता."

मी म्हटलं आई इथे घरोघर फिरलं तर पोलीस बोलावतील. ती म्हणाली मग फोन करा. आता मी तिला कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेऊ का विचारात आहे.

ओटवणेकर_इन_एडिसन | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:५५

आईंना साष्टांग नमस्कार, पण आई, घरोघर फिरायला पण माणसं लागतात आणि तीच तर नाहीयेत. कमिटीत नऊ जागा, पाच भरल्यात, त्यातले दोघं नवराबायको.

नवखा_०८८२० | १६ ऑक्टोबर, रात्री ११:०९

पहिल्या प्रश्नाचं पण सांगा ना कोणीतरी, माझा मुलगा इथल्या रटगर्स युनिव्हर्सिटीत आहे, तो म्हणतो हो म्हण

जुनाजर्सीकर | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

आत्ता न्यू जर्सीतल्या कॉलेजांच्या मॅचवर आणि या राज्यात होणाऱ्या कुठल्याही कॉलेजच्या मॅचवर बेट लावता येत नाही, ती बंदी काढायचा प्रश्न आहे. तुमचा मुलगा हो म्हण म्हणतो याच कारणासाठी मी नाही म्हणणार आहे.

धागाराखी | १७ ऑक्टोबर, सकाळी ११:००

दोन प्रतिसाद उडवलेत. मर्फी आणि चॅटरेलीसाठी वेगळा धागा आहे, तिकडे भांडा.

उलटी_बाजू | १९ ऑक्टोबर, रात्री ९:२७

चार दिवस विचार केला. हिशोबीभाऊंचा मुद्दा डोक्यात राहिला, की नियमच खोटं लिहायला लावतो. खरं आहे. पण मग मी उलट विचारते, आपण अर्जात "शैक्षणिक" लिहून पैसे भाड्यात घातले हे नियमाचं पाप की आपलं? रविवारच्या मराठी शाळेला पुस्तकं हवी होती, ती २०१९ ला पालकांनी खिशातून घेतली, तेव्हा रॅफलचे पैसे खात्यात होते (मी त्या शाळेत शिकवते म्हणून माहीत आहे, मंडळ तेच की दुसरं ते विचारू नका). शाळेला दिले असते तर अर्ज खरा ठरला असता ना? कोणालाच सुचलं नाही कारण साउंडवाला समोर उभा होता आणि पुस्तकं उभी नव्हती.

म्हणजे माझी भीती प्रश्न पास झाल्यावर काय होईल याची नव्हतीच बहुतेक. ते आधीच झालंय.

रारिटनकाठचा | १९ ऑक्टोबर, रात्री १०:५०

ताई, आता ओळखलं मी तुम्हाला. पुस्तकांचं मला खरंच माहीत नव्हतं. शपथेवर. त्या वर्षी मी नुकताच आलो होतो आणि मला जी बिलं दिली ती मी भरत गेलो.

रजिस्टर पुन्हा बघितलं. रॅफलची जमा एका ओळीत, "दिवाळी उत्पन्न" मध्ये मिसळलेली, खाली खर्च. वडापावचे पैसे, तिकीटखिडकीचे पैसे, रॅफलचे पैसे, सगळं एकाच पातेल्यात. कोणते पैसे कुठे गेले हे आता देवालाही सांगता येणार नाही. चोरी नाही झाली, एक पैसा इकडचा तिकडे नाही, पण सांगताही येत नाही.

एच_फोर_वाली | १९ ऑक्टोबर, रात्री ११:१५

मी तिकीट विकताना सांगत होते मुलांच्या शाळेसाठी आहे म्हणून. मला तसंच सांगायला सांगितलं होतं.

सातारी_तर्री | १९ ऑक्टोबर, रात्री ११:१७

आता मला पण विनोद सुचत नाहीये

हिशोबी_माणूस | २० ऑक्टोबर, सकाळी ८:०५

अहो इतकं मनाला लावून घेऊ नका. वेगळं खातं उघडा, रॅफलचा पैसा त्यातच टाका, त्यातूनच खर्च करा. तसंही राज्याला हिशोब द्यायचा तर वेगळाच ठेवायला हवा. पंधरा मिनिटांचं काम आहे बँकेत. मी मोफत करून देतो, फक्त मार्च-एप्रिलमध्ये फोन नको.

ओटवणेकर_इन_एडिसन | २४ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

आज लवकर मतदान करून आलो. यंदा पहिल्यांदाच निवडणुकीच्या आधी मशीनवर मत देता येतंय, कालपासून ३१ पर्यंत. रांग नव्हती. दुसऱ्या प्रश्नाला हो. माझ्या पुढचे आजोबा व्हॉलंटियर फायर कंपनीची टोपी घालून आले होते, बाहेर आल्यावर मीच विचारलं, म्हणाले आमच्या जेवणाच्या हॉलचा बॉयलर गेलाय, बॉयलर हे धर्मादाय काम आहे हे कसं पटवायचं ते आम्हाला अजून जमलेलं नाही.

रारिटनकाठचा | ३ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

पास! क्वेश्चन २ आरामात पास झालाय, साठ टक्क्यांच्या वर. क्वेश्चन १ पडला, रटगर्सवर बेट नाही. (गव्हर्नरचं अजून मोजतायत, धागाराखी, तेवढंच लिहितो.)

मी काय मत दिलं ते सांगून टाकतो. शेवटच्या दिवशी पाकीट पोस्टाच्या पेटीऐवजी बॅलटच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकलं, तिथे पोचेपर्यंत दुसरा प्रश्न कोराच होता. गाडीत बसून हो भरलं.

उलटी_बाजू | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मी नाहीच दिलं. हरले. रमीत वसूल करीन.

नवखा_०८८२० | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:४४

मुलगा नाराज आहे

रारिटनकाठचा | १५ नोव्हेंबर, रात्री ९:०५

काल कमिटीची मीटिंग झाली, दिवाळीला यंदा रॅफल ठेवलीच नव्हती (लायसन्सला उशीर झाला असता आणि खरं सांगायचं तर मला धीर झाला नाही). आता जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ठेवतोय. लायसन्स लागतंच, ते या मतदानाने गेलेलं नाही, क्लर्ककडे अर्ज करणार. वेगळं खातं उघडलं, हिशोबी आले होते बरोबर, पंधरा मिनिटं नाही सव्वा तास लागला.

तिकिटावर काय छापायचं यावर मात्र दीड तास भांडण झालं. सेक्रेटरी म्हणे "मंडळाच्या कार्यासाठी" लिहा, सोपं आहे. मी म्हटलं "सभागृहाचं भाडं आणि मराठी शाळेची पुस्तकं, निम्मे निम्मे" असं लिहा. एकजण म्हणाला सभागृहाचं भाडं लिहिलं तर कोण घेईल तिकीट, त्यापेक्षा शाळाच पुढे करा. तिथे एच फोर वाली बाई उठून म्हणाल्या, मी विकते, भाडं लिहा, बघू कोण घेत नाही ते. तेच ठरलं.

उलटीबाजूताई, पुस्तकांची यादी पाठवा. आणि चिठ्ठी काढायला पाटलीणबाईंच्या आईंना बोलवायचं ठरलंय, त्या १८ च्या वर आहेत.

पार्सिपनीची_पाटलीण | १५ नोव्हेंबर, रात्री ९:२२

आई म्हणतेय येते, पण आधी प्रत्येकाला फोन करून वर्गणी विचारायची, मग चिठ्ठी. यादी मागतेय फोन नंबरांची. मी जबाबदार नाही.

मावशी_मेटुचन | १५ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मी नेहमी नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. तो आठ लिटरचा कुकर आमचा आहे. २०१४ च्या दिवाळीला नेलात, परत आला नाही. शिट्टी माझ्याकडेच आहे.